फायलीचा सोबती

पणजीत मांडवीकाठच्या मोठ्या जिल्हा कचेरीत एक शिकाऊ कारकून नोकरीला लागला. मुलगा डिचोली तालुक्यातल्या मये गावचा. अक्षर वळणदार, बोलणे कमी. त्याच्यावर एक हेडक्लार्क होता. हेडक्लार्क निवृत्तीला आला होता आणि कचेरीतल्या प्रत्येक कपाटाची चावी त्याला ओळखता येत होती.

पहिल्याच आठवड्यात कचेरीत एक बाई आली. पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या गावातून, कदंबच्या दोन बसगाड्या बदलून. केस पिंगट, डोळे निळे, पण बोलणे अस्सल पेडण्याचे.

तिने विचारले, "माजी फाईल खंय पावली?"

हेडक्लार्क म्हणाला, "चालू आहे. कळवू."

बाई मान हलवून निघून गेली. शिकाऊ मुलाने पाहिले की तिला या उत्तराचे आश्चर्य वाटले नव्हते.

त्याने विचारले, "साहेब, फाईल खरेच कुठे आहे?"

हेडक्लार्क थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला माहीत नाही. पण तुला शिकायचे आहे ना? मग असे कर. ती फाईल शोध. सापडली की तिचा सोबती हो. ती ज्या टेबलावर बसेल, तिथे तू बस. ती उठेल तेव्हा तू उठ. ती इथून पुढे जाईपर्यंत तुला दुसरे काम नाही."

इतर कारकून हसले. मुलगा हसला नाही. त्याच्या गावाला थांबणे म्हणजे काय ते ठाऊक होते. मये गाव पोर्तुगीज अमलात एका काउंटच्या मालकीचा होता. गोवा मुक्त झाला, काउंटचे घराणे पोर्तुगालचेच राहिले, आणि १९६४च्या कायद्याने त्यांची जमीन सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. ज्यांच्या पणजोबांनी ती कसली, त्यांच्या नावावर घराखालची जमीनसुद्धा नव्हती. त्यावर तोडगा काढणारा कायदा यायला २०१४ साल उजाडले. पन्नास वर्षे! त्या पन्नास वर्षांत गावातली किती माणसे वाट पाहत गेली, ती मुलाच्या आजीला नावानिशी सांगता येत होती.

फाईल त्याला तिसऱ्या दिवशी सापडली. खिडकीजवळच्या टेबलावर, इतर फायलींच्या खाली. त्याने ती उघडली आणि पहिल्यापासून वाचली.

बाई दूरच्या थंड देशातली. गोवा पाहायला आली आणि पेडण्यातल्या एका काजूबागायतदाराशी लग्न करून इथलीच झाली. भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर आधी सात वर्षे या देशात राहावे लागते. अर्जाच्या आधीचे बारा महिने तर सलग. तिने सगळे पाळले. त्या बारा महिन्यांत तिकडे तिची आई आजारी पडली. ती गेली नाही. गेले तर बारा महिने मोडतील आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील, असे तिला कोणीतरी सांगितले होते. आई गेली. बाईने अर्ज केला.

हे शेवटचे अर्जात लिहिलेले नव्हते. ते मुलाला पुढे कळले.

नियम असा होता की जिल्ह्याच्या कचेरीने साठ दिवसांत आपला अहवाल राज्य सरकारकडे द्यायचा आणि राज्य सरकारने आणखी तीस दिवसांत तो दिल्लीला पाठवायचा. अर्जाला तिसरे वर्ष लागले होते. फाईल जिल्ह्यातून बाहेर पडली नव्हती.

मुलाने खुर्ची ओढली आणि फायलीजवळ बसला.

त्या टेबलाचा कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने चहा मागवला. म्हणाला, "पोलिसांचा अहवाल यायचा आहे. तो आला की लगेच पुढे."

मुलगा पेडण्याच्या पोलीस ठाण्यात गेला. तिथे त्याला जावक वही दाखवली. अहवाल दीड वर्षापूर्वीच गेला होता. चौकशीला गेलेल्या शिपायाला सगळे आठवत होते. शेजारच्या चार घरी विचारले, पंचायतीत विचारले, लग्नाचा दाखला पाहिला. "अर्ध्या तासाचे काम," तो म्हणाला. "गावात तिच्याबद्दल वाईट बोलणारा कोणी भेटला नाही. तसे लिहून दिले."

मुलगा परत आला. अहवाल त्याच कचेरीत, दुसऱ्या फायलीत लागलेला सापडला. त्याने तो काढून योग्य जागी लावला.

टेबलावरच्या कारकुनाने अहवाल पाहिला, तारीख पाहिली. "हा जुना झाला," तो म्हणाला. "एवढा जुना अहवाल वर कसा पाठवायचा? नवा मागवावा लागेल."

मुलगा म्हणाला, "पण तो इथेच पडून जुना झाला."

कारकुनाला यावर काही सुचले नाही. त्याने समासात लिहिले, 'नवीन अहवाल मागवावा.'

अशा रीतीने मुलगा फायलीसोबत फिरू लागला. त्याने एक वही केली. डाव्या पानावर फायलीवर झालेले काम लिहायचे, उजव्या पानावर तिचे थांबणे. उजवी पाने भराभर भरली. डावीकडे मोजून थोड्या ओळी होत्या. सगळ्या टेबलांवरचे सगळे काम मिळून कचेरीच्या एका दिवसाइतकेही होत नव्हते.

नवा अहवाल आला. तोवर बाईच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपून गेली होती. म्हणून नव्या परवान्याची प्रत मागवली गेली. ती आली तोवर आणखी एक प्रश्न निघाला होता.

तो प्रश्न नवऱ्याचा होता. बाईचा अर्ज भारतीयाची बायको म्हणून होता. मग नवरा भारतीय कशावरून? त्याचा जन्म १९९० सालचा, पेडण्यातलाच. पण १ जुलै १९८७ पासून नुसते इथे जन्मणे पुरत नाही. आईवडिलांपैकी एक तरी भारतीय लागतो. नवऱ्याचे वडील १९५८ साली जन्मले, म्हणजे पोर्तुगीज राज्यात. कोणीतरी समासात लिहिले होते, 'वडिलांची जन्मनोंद पाहावी.' शंका अगदीच पोकळ नव्हती. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनमध्ये नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेता येतो, आणि तो घेतला की भारतीय नागरिकत्व जाते. गोव्यात घराघराला हे माहीत आहे.

नोंद शोधायला बाईलाच सांगितले गेले होते. तिने शोधली होती. पोर्तुगीज लेखनिकाने सासऱ्याचे नाव आपल्या कानाला ऐकू आले तसे, आपल्या वळणाने लिहिले होते. शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळे दिसत होते. म्हणून दोन्ही नावांचा माणूस एकच, असा दाखला आणायला तिला मामलेदाराकडे धाडले होते. सासरा तर केव्हाच वारला होता. मेलेल्या माणसाने आपण एकच होतो हे कोणाला सांगायचे?

मुलगा ठरवून बाईच्या घरी गेला. शिवोलीचा पूल ओलांडला, चोपड्याला उतरला, तिथून पुढची बस घेतली.

घरात बाईची आजेसासू होती. नव्वदीच्या घरातली, पण कान शाबूत. सोप्यावर काजूच्या बिया निवडत बसली होती. मुलाने आपण कुठून आलो ते सांगितले.

"बस पुता," म्हातारी म्हणाली. "आमच्या सुनेचा कागद आणलास?"

"नाही आजी. मी फक्त फाईल कुठे अडली ते बघतो आहे."

"बघ बाबा. कोणीतरी बघायला हवेच."

मुलाने विचारले, "आजी, तुमचा मुलगा भारतीय कधी झाला? तुम्ही कधी झालात? अर्ज कोणाकडे केला होता?"

म्हातारी हसली. "अर्ज? आम्ही कसला अर्ज केला! मला तेव्हा सहीसुद्धा येत नव्हती. पोर माझ्या कडेवर होते. लष्कर आले, पोर्तुगीज पाकले गेले. पुढे कोणीतरी सांगत आले की आता आपण सगळी भारताची. मी चुलीपाशी होते. तिथेच झाले भारताची."

"कोणी काही विचारले नाही?"

"ज्यांना पोर्तुगालचेच राहायचे होते, त्यांनी म्हणे लिहून द्यायचे होते. एक महिन्याची मुदत होती. आमच्या वाड्यावर कोणी लिहिले नाही."

मुलाने हे वहीत लिहून घेतले.

म्हातारी बिया निवडत बोलत राहिली. तिची थोरली बहीण बांद्याला दिली होती. बांदा पत्रादेवीच्या पलीकडे, सकाळी निघालेला माणूस चालत दुपारी पोचेल एवढ्यावर. पण १९५५ साली सीमा बंद झाली. बहिणीला मुलगा झाला तो तिने पाहिला नाही. बहिणीचा नवरा गेला तेव्हाही ती जाऊ शकली नाही. "सीमा उघडली तेव्हा मी ठरवून टाकले," म्हातारी म्हणाली. "पोराला बायको करीन तर बांद्याचीच. आणि केली. साठ सालची पोर, बहिणीच्या शेजारच्या घरातली."

मुलाची पेन्सिल थांबली.

"म्हणजे तुमच्या नातवाची आई बांद्याची? तिचा जन्मसुद्धा बांद्याचा?"

"मग काय सांगते आहे मी!"

बांदा सावंतवाडीकडचे. १९६० साली ते भारतातच होते. तिथे जन्मलेली मुलगी जन्मानेच भारतीय. नवऱ्याच्या जन्मवेळच्या कायद्याला आईवडिलांपैकी एक पुरत होता. म्हणजे सासऱ्याच्या नावाचा सगळा गोंधळ मिटला नसता, तरीही नवरा भारतीयच ठरत होता. पण समासात 'वडिलांची नोंद पाहावी' असे लिहिले होते. आईचे कोणी विचारले नव्हते. बाईला कायदा ठाऊक नव्हता. टेबलाला घर ठाऊक नव्हते.

तेवढ्यात बाई बागेतून आली. तिने मुलाला कोकम सरबत दिले आणि आपल्या आईची गोष्ट सांगितली ती तेव्हा. रडली नाही. म्हणाली, "मी नियम मोडला नाही, एवढेच मला लिहून घ्यायचे होते."

मुलगा पणजीला आला, पण आधी कचेरीत गेला नाही. ग्रंथालयात गेला आणि जुने राजपत्र काढायला लावले. म्हातारीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. २८ मार्च १९६२ चा आदेश. ज्याचा, ज्याच्या आईवडिलांपैकी कोणाचा किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा जन्म २० डिसेंबर १९६१च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये झाला, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. ज्याला आपले आधीचे नागरिकत्व ठेवायचे असेल, त्याने एका महिन्यात तसे लिहून द्यावे. बस्स. नुसत्या गोव्यात त्या वेळी सुमारे सहा लाख माणसे होती. दर्यावर जाणारी, डोंगरावर गुरे राखणारी, सही न येणारी. एकालाही रांगेत उभे राहावे लागले नाही.

मला ही गोष्ट सांगताना इथे नेहमी थांबावेसे वाटते. तेव्हाचे सरकार नवे होते, घाईत होते, आणि कपाटातले बहुतेक कागद त्याला न कळणाऱ्या भाषेत होते. तरी त्याला हे जमले.

त्या रात्री मुलाने फाईल पुन्हा वाचायला घेतली. या वेळी तो एकच शब्द शोधत होता. प्रत्येक समास, प्रत्येक शेरा त्याने पाहिला. 'पाहावे.' 'तपासावे.' 'मागवावे.' 'चर्चा करावी.' 'पुन्हा सादर करावे.' पण 'नाही' कुठेच नव्हते. तीन वर्षांत एकाही माणसाने या बाईला नागरिकत्व देऊ नये असे लिहिले नव्हते. कोणाचा विरोध नव्हता आणि फाईल हलत नव्हती.

सकाळी त्याने वही हेडक्लार्कसमोर ठेवली. डावी पाने आणि उजवी पाने. शेजारी राजपत्राची नक्कल.

हेडक्लार्कने सगळे वाचले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुझे म्हणणे काय?" तो म्हणाला. "चौकशी करू नये? जो येईल त्याला घ्यावे? तेव्हाची गोष्ट वेगळी होती. ती माणसे इथलीच होती, देश त्यांच्याकडे आला. ही बाई बाहेरून आली आहे. ती कोण, कुठली, हे सरकारने पाहायलाच हवे."

"पाहायला हवे," मुलगा म्हणाला. "शिपायाने पाहिले. अर्ध्या तासात पाहिले आणि नीट पाहिले. मी चौकशीच्या विरुद्ध नाही, साहेब. पण चौकशी संपली कधी हे या फायलीत कोणी लिहीतच नाही. कागद आपल्याकडे जुना होतो आणि नवा तिच्याकडे मागतो. नोंदवही आपल्या कपाटात आहे आणि ती शोधायला तिला पाठवतो. ज्याला शंका येते त्याने ती तारीख घालून, सही करून लिहावी. खरी असेल तर नकार द्यावा. तिला निदान कळेल, दाद मागता येईल. इथे तिला नकारसुद्धा मिळत नाही."

हेडक्लार्क बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहायला बसला. आईच्या बांद्याच्या जन्माची नोंद टपालाने कचेरीनेच मागवली. ज्या ज्या टेबलाचा फायलीशी संबंध होता, त्या प्रत्येकाला एक चिठ्ठी गेली. 'या अर्जाला आपला आक्षेप असल्यास कारणासह, सही व तारखेसह या महिनाअखेरपर्यंत लिहून द्यावा. आक्षेप न आल्यास फाईल पहिल्या तारखेला पुढे पाठवली जाईल. जो कागद सरकारी दप्तरात आहे, तो अर्जदाराकडे मागू नये.' चिठ्ठी मोठ्या साहेबांपुढे गेली. साहेबांनी दोनदा वाचली आणि सही केली.

महिना संपला. एकही आक्षेप आला नाही. पहिल्या तारखेला मुलगा फाईल काखेत घेऊन बसने मांडवीचा पूल ओलांडून पर्वरीच्या सचिवालयात गेला. आवक क्रमांक घेतला आणि चिठ्ठीची नक्कल वर टाचून ठेवली. तिथून फाईल दिल्लीला गेली.

पुढे एक अवघड वळण होतेच. दिल्लीहून मंजुरीचे पत्र आले, पण त्यात अट होती. आधी जुन्या देशाचे नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यावा, मग इथले प्रमाणपत्र मिळेल. म्हणजे मधल्या काळात बाई तिकडचीही नव्हती आणि इथलीही नव्हती. त्या दिवसांत तिने झोप घेतली नाही असे तिचा नवरा सांगतो. मुलाने त्या दिवसांचीही एक तारीख बांधून घेतली, आणि दर सोमवारी तो स्वतः विचारत राहिला. अखेर तो दिवस आला. बाईने शपथ घेतली ती मराठीत वाचून, आणि प्रमाणपत्र हाती आले. म्हातारी पहिल्यांदा त्या कचेरीत आली होती. तिला खुर्ची दिली, तरी ती उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क नेहमीच्या वेळी आला. त्याच्या नोकरीचे काही महिने उरले होते. त्याने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि भिंतीकडच्या मांडणीकडे बोट दाखवले. तिथे अशा फायली छतापर्यंत गेल्या होत्या.

"नाही म्हणणाऱ्याने लिहावे," तो म्हणाला. "हो म्हणणाऱ्याला ताटकळत ठेवू नये. एवढेच आहे सगळे. मला शिकायला पस्तीस वर्षे लागली."

मुलगा शिडी घेऊन आला आणि वरच्या फायलीला हात घातला.

"वरची नको," हेडक्लार्क म्हणाला. "सगळ्यांत खालची आधी काढ. तिचा माणूस सगळ्यांत जास्त दिवस थांबला आहे."